ट्रकच्या चामडी सीटची अकाली झीज

ट्रक, टेम्पो, पिकअप अशा वाहनांच्या चामडी सीटचा रंग उडणे, तिला भेगा पडणे, कड फाटणे किंवा शिवण उसवणे हे वाहन बाकी धडधाकट असतानाच घडू लागले, तर त्याला अकाली झीज म्हणतात. तिची सुरुवात जवळपास नेहमी चालकाच्या सीटवर होते, आणि तीही दाराकडच्या उंच कडेवर. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ही कड उजवी. क्लीनरची सीट तेव्हा बहुधा नव्यासारखीच असते. एकाच गाडीतल्या एकाच मालाची ही दोन रूपे पाहिली की दोष चामड्याचा की वापराचा, याचा पहिला अंदाज येतो.

पुणे परिसरात या विषयाला बरेच वजन आहे. पिंपरीचा टाटा मोटर्सचा, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोचा, कारखाना १९६६ सालचा. आकुर्डीत फोर्स मोटर्स आहे, चाकणला वाहने आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची वसाहत आहे, निगडीत ट्रान्सपोर्टनगरी आहे. सीटची दुरुस्ती करणारे कुशनवाले शहरभर आहेत. सुट्या भागांचा जुना बाजार मात्र नाना पेठेत.

मोठ्या मालवाहू ट्रकमध्ये कापड किंवा रेक्झिनच जास्त दिसते. खरे चामडे असते ते वरच्या श्रेणीच्या पिकअपमध्ये, काही महागड्या, मागे वेगळा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रेलर ट्रकमध्ये आणि मालकाने हौसेने बसवून घेतलेल्या सीटवर. तिथेही बसायची आणि पाठ टेकायची जागा तेवढी चामड्याची आणि बाजू, मागचा भाग रेक्झिनचा, अशी जोडणी सर्रास असते. दोन्हींचा ताण सारखा नसतो, म्हणून त्यांच्या सांध्यावरची शिवण आधी उसवू लागते.

वाहनाचे चामडे साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाड असते. बहुतेक वेळा ते गाईचे, क्रोमने म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले. त्यावर रंगाचा थर आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. हे दोन्ही थर मिळूनही जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच भरते. चालकाची पँट घासते ती या थराला, चामड्याला नव्हे. ‘सीट गेली’ म्हणून कुशनवाल्याकडे येणाऱ्या कित्येक सीटचे चामडे शाबूत असते, गेलेला असतो तो वरचा रंग. हे न ओळखता आख्खी सीट बदलणे म्हणजे पैशांची नासाडी.

झिजेचा हिशेब किलोमीटरमध्ये लागत नाही, चालकाच्या चढ-उतारात लागतो. पुण्याहून नागपूरला जाणारा ट्रकचालक तासन्‌तास बसून असतो, पण उतरतो मोजक्या वेळा. उलट मार्केट यार्डातून भाजी उचलून गल्लोगल्ली टाकणारा टेम्पोवाला दिवसभर चढत-उतरत असतो. केबिन उंच असल्याने उतरताना तो सगळा भार उजव्या कडेवर टाकून घसरत खाली येतो. कडेच्या आतला फोम हळूहळू मोडतो. फोम बसला की वरचे आवरण सैल पडते, सैल आवरणाला घडी पडते, आणि पुढची प्रत्येक चढ-उतार त्याच घडीवर होते. तिथेच रंगाला तडा जातो. म्हणजे भेग दिसते वर, पण तिचे मूळ असते खालच्या फोममध्ये. नुसता वरून रंग मारून घेणाऱ्यांची सीट त्याच जागी पुन्हा का फुटते, त्याचे उत्तर हेच.

घासण्याला धार येते ती धुळीने. वाघोली, मोशी भागात खडी क्रशरवर भरायला जाणाऱ्या गाड्यांमध्ये कपड्यांवरून येणारी दगडाची भुकटी सीटच्या बारीक सुरकुत्यांत बसते आणि पॉलिश पेपरसारखी काम करते. जीन्सच्या मागच्या खिशाचे रिव्हेट, पट्ट्याचे बक्कल, खिशातली पक्कड यांचे ओरखडे वेगळेच. घाम आणि डोक्याचे तेल थर मऊ करतात. डोके टेकायची जागा चिकट होते ती त्यामुळे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या काचेतून येणारे ऊन रंग फिकट करते आणि चामडे कोरडे पाडते. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी बसून गाडी बंद ठेवली की बुरशीचे पांढरट ठिपके उठतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याने घामाचा त्रास कमी होईल. चढ-उताराच्या झिजेला त्याचा उपयोग नाही.

निदान हाताने आणि डोळ्यांनी होते. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने जागा पुसावी; पुष्कळदा ‘रंग उडाला’ म्हणून दाखवलेला डाग जीन्सच्या निळीचा किंवा मळाचा निघतो. मग पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब तसाच उभा राहिला तर वरचा थर जिवंत आहे. शोषला जाऊन जागा गडद झाली तर तो गेला. भेगेच्या आत भिंगाने पाहिले आणि केसाळ, राखाडी-निळसर तंतू दिसले तर ते क्रोमने कमावलेले चामडे. विणलेल्या कापडाचे धागे दिसले तर रेक्झिन. सालपटे निघत असतील तर ते चामडे नव्हेच, असे बहुधा धरून चालावे. पॉलियुरेथेनच्या कृत्रिम चामड्याचा थर दमट हवेत आतून विघटित होऊन पापुद्र्यांनी सुटतो आणि त्यावर टिकाऊ दुरुस्ती नाही. तो भाग बदलावाच लागतो. शेवटी दोन्ही कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात. उजवी डावीपेक्षा जास्त खोल गेली, तर आधी फोम.

चांगला कारागीर सीट उलटी करून आवरण धरून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगा पक्कडने एकेक कापतो आणि आवरण मोज्यासारखे उलटत काढतो. उजव्या कडेचा फोम हातात चुरा होऊन येतो. तेवढा भाग सुरीने तिरका कापून जास्त डेन्सिटीचा, दाबला तरी लगेच उसळणारा तुकडा सोल्यूशन म्हणजे चिकटद्रव लावून बसवला जातो. आवरणाला चीर असेल तर तिच्या पोटातून कापडाची पट्टी लवचिक गोंदाने चिकटवतात, वरून भराव, मग घासून गुळगुळीत करून रंग आणि शेवटी पारदर्शक थर. उसवलेली शिवण मशिनखाली घालू नये. चामड्याला पडलेले छिद्र बुजत नाही; नव्या छिद्रांची ओळ जुनीच्या शेजारी पडली की कड तिथूनच फाटते. म्हणून जुन्याच छिद्रांतून बाकदार सुईने हाताने टाके घालतात, आणि धागा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घेतात, कारण सुती धागा घामाने कुजतो. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये.

देखभालीच्या नावाखाली होणारे नुकसानही थोडे नाही. खोबरेल तेल चोळले तर ते वरच्या थराखाली उतरत नाही. चिकट राहून धूळ धरते. कपड्यांचा साबण अल्कधर्मी असतो आणि चामडे मुळात आम्लधर्मी, त्यामुळे ते कडक पडते. पेट्रोल, थिनर आणि अल्कोहोलचे सॅनिटायझर थेट रंग काढतात. सिलिकॉनचे चकचकीत पॉलिश लावलेल्या सीटवर पुढे रंग धरत नाही. सौम्य, चामड्यासाठीचे क्लीनर, मऊ ब्रश आणि कोरडे फडके एवढे पुरते. सीट कव्हर घातले तरी ते काढून खालची धूळ झटकावीच लागते. ज्या सीटच्या बाजूत एअरबॅग आहे तिला साधे कव्हर घालणे धोक्याचे, कारण ते एअरबॅग उघडण्यात आड येते.

वॉरंटीत सर्वसाधारण झीज धरली जात नाही. शिवणीचा किंवा थराचा उत्पादनदोष असेल तर दाद मागता येते. त्यासाठी खूण दिसताच तारखेसह फोटो काढून सर्व्हिसच्या कागदावर तक्रार लिहून घ्यावी. तोंडी सांगितलेले नंतर कुणालाच आठवत नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वाहनाचा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक ठरत नाही, परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वाहन वापरणारा ठरतो. स्वतःचा एकच टेम्पो स्वतः चालवणाऱ्याला त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे.