किराणा व्हाया न्यूयॉर्क

परवा टेरी रायली या अमेरिकन कम्पोझरचं 'इन सी' लावलं होतं. पाच मिनिटं झाली असतील, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, अरे ते अडकलंय बघ, पुढे सरकव. आता तिला काय सांगणार, ते तसंच आहे.

वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की आपल्यासमोर मोझार्ट-बेथोव्हेन येतात, म्हणजे जाऊन दोनशे वर्षं झालेली मंडळी. पण हयात कम्पोझर्सही आहेत, आणि त्यातल्या जुन्याजाणत्या तिघाचौघांची मुळं शोधत गेलं की माणूस थेट आपल्या गल्लीत येऊन पडतो.

थोडं मागून सांगतो. 1920च्या दशकात ऑस्ट्रियन कम्पोझर शोनबर्गनं बारा स्वरांना सारखाच मान द्यायची पद्धत आणली, कुणीच 'सा' नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच कम्पोझर त्याच वाटेनं गेले. आपल्या कानाला हे म्हणजे तानपुरे उचलून नेलेली मैफल. मग 1964 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'इन सी' वाजलं. 53 छोटे तुकडे, कितीही वादक, कुठलंही वाद्य, प्रत्येकानं तुकडा हवा तितका घोळवायचा आणि मग पुढच्यावर जायचं. सगळे एकत्र राहावेत म्हणून एकजण वरचा सा नुसता टकटक वाजवत बसतो, ही आयडिया स्टीव्ह राइख या दुसऱ्या कम्पोझरची, तोही त्या दिवशी वाजवायला होता. फिलिप ग्लासची तऱ्हा वेगळी. साठच्या दशकात पॅरिसला रविशंकरांचं संगीत स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीत, उतरवताना तबलजी अल्लारखाँ सारखे म्हणायचे, वजन चुकतंय, शेवटी त्यानं वैतागून बारच्या, म्हणजे मात्रांचे गट पाडणाऱ्या, रेघाच खोडल्या आणि तेव्हा कुठे त्याला ताल दिसला.

ला माँट यंग हा आणखी एक कम्पोझर तर पन्नासच्या दशकातच अली अकबर खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून तानपुऱ्याच्या नादी लागलेला. 1970 मध्ये त्याचे आणि रायलीचे गुरू अमेरिकेत, न्यूयॉर्कला गेले, पंडित प्राणनाथ. काही वर्षं डेहराडूनजवळच्या टपकेश्वरच्या गुहेत राहिलेले, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे पक्के किराणा घराण्याचे, सावकाश एकेका स्वरावर थांबणारे. 1996 मध्ये ते गेले, तोवर रायली त्यांच्याकडे शिकत होता, साथही करत होता.

आणि किराणा म्हणजे? वहीद खाँचे नात्यातले अब्दुल करीम खाँ, त्यांनी 1913 मध्ये पुण्यात गायनशाळा काढली, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांच्या नावानं 1953 पासून भीमसेनजींनी चालवलेला महोत्सव, जिथे आपण स्वेटर घालून, बटाटेवडा खात बसतो. तर हे गुरुबंधूंचंच घर झालं की. (जागेवर रुमाल टाकून ठेवणारे आपणच, तो भाग वेगळा.)

मग आईला प्राणनाथांचा दरबारी लावून दिला. पळी हातात घेऊनच बाहेर आली, बसली. हा कोण रे किराण्याचा? म्हटलं, मगाशी अडकलेल्याचे गुरू.

"मग त्याला हे का नाही शिकवलं?"

म्हटलं अगं, ते अडकलेलं सहा वर्षं आधीचं.