एएमएच-एफएसएच करायला येताय? आधी पाळीची तारीख बघा

लग्न उशिरा झालेल्या, नाहीतर दुसऱ्या बाळाचं आत्ता ठरवलेल्या बऱ्याच जणी एएमएच-एफएसएच या रक्तातल्या हार्मोनच्या टेस्टसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्या लॅबमध्ये येतात आणि प्रश्न एकच, पस्तिशी उलटलीय, दिवस राहतील की नाही ते यात कळेल ना? थोडं कळतं, सगळं नाही.

मुलगी जन्मते तेव्हाच अंडाशयात १० ते २० लाख बीजं असतात, पाळी सुरू होईपर्यंत ३-४ लाख उरतात, आणि पस्तिशीनंतर घट जोरात होते. तिशीत दर महिन्याला दिवस राहायची शक्यता साधारण २० टक्के धरतात, चाळिशीत ५ टक्क्यांच्या आसपास. एएमएचवरून अंडाशयात उरलेल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, बीजं कशी आहेत ते नाही, ते मुख्यतः वयावर असतं. त्यामुळे पंचविशीत एएमएच कमी आला म्हणून घरात रडारड नको आणि चाळिशीत चांगला आला म्हणून अजून दोन वर्षं थांबू असंही नको.

आता खरा घोळ. एएमएच कुठल्याही दिवशी चालतो, पण एफएसएच (बीज वाढवणारं हार्मोन) आणि इस्ट्राडिओल (अंडाशयातून येणारं हार्मोन) यांचं रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्यायचं. लोक पाचव्या-सहाव्या दिवशी येतात, कोणी सुट्टी मिळाली म्हणून मधेच येतं, कोणी नुसता डाग लागला तोच पहिला दिवस धरतं. नीट अंगावरून जायला लागतं तो पहिला दिवस, रात्री उशिरा सुरू झालं तर दुसऱ्या दिवसापासून मोजा. चुकीच्या दिवशीचा आकडा डॉक्टरांच्या कामाचा नाही, मग पुढच्या पाळीपर्यंत थांबा, आणि सदतिसाव्या वर्षी असा महिना फुकट जाणं आम्हालाच बघवत नाही. म्हणून काउंटरवर तारीख विचारतो आणि दिवस चुकला असेल तर रक्त न घेता परत पाठवतो, कृपया राग मानू नका, पैसे घेऊन रिपोर्ट हातात देणं आम्हाला सोपं होतं.

इस्ट्राडिओलची जादा टेस्ट कशाला असंही विचारतात. रक्तात ते जास्त असेल तर एफएसएच दबून खोटा नॉर्मल दिसतो, म्हणून डॉक्टर दोन्ही एकत्र लिहितात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आकडे बदलू शकतात, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, चाळिशीनंतर लगेच डॉक्टरांकडे जा. आणि मिस्टरांची वीर्य तपासणी त्याच महिन्यात उरकून घ्या, बाईच्याच सगळ्या टेस्ट करून महिनोन्‌महिने घालवलेली जोडपी आम्ही खूप बघतो. त्याला आधी २ ते ७ दिवस वीर्यपात झालेला नसावा लागतो, सॅम्पल घरून आणायचं तर तासाभरात, अंगाजवळ उबेत ठेवून.

पाळी सुरू झाली की लॅबच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती तारीख टाका, कधी यायचं ते आम्ही कळवतो, दुसरा दिवस रविवारी आला तरी सकाळी माणूस घरी येऊन सॅम्पल घेऊन जाईल.