‘त्यांनीच त्यांची माणसं विकली’: एका शब्दाखालच्या दोन गुलामगिऱ्या

अटलांटिकपारच्या गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला की कोणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतंच: ‘पण आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं विकली ना?’ राजांनी माणसं विकली, हे खोटं नाही. घोटाळा पुढे होतो. राजाने किनाऱ्यावर जो माणूस विकला त्यालाही आपण गुलाम म्हणतो, आणि समुद्रापलीकडे त्याचं जे केलं गेलं त्यालाही गुलामच. शब्द एक आहे म्हणून आपण दोन्ही गोष्टी एकच धरून चालतो.

आधी आफ्रिकेतली गुलामी बघू. आजच्या घानातल्या आकान लोकांचं एका शब्दावर भागत नसे. ‘आवोवा’ म्हणजे कर्जापोटी गहाण पडलेलं माणूस. कर्ज फिटलं की ते घरी जायला मोकळं. ‘ओदोंको’ म्हणजे बहुतेकदा उत्तरेकडून विकत आणलेला परका, ज्याच्या पाठीशी ना कुळ ना भाऊबंद. ‘आकोआ’ हा तर इतका सैल शब्द, की चाकरापासून राजाच्या प्रजेपर्यंत कोणालाही लागावा. ओदोंको सगळ्यांत खालच्या पायरीवर. पण त्याला लग्न करता येई, कसायला जमीन मिळे, आणि दोन-तीन पिढ्यांत त्याची लेकरं-नातवंडं मालकाच्या कुळात मुरत जात. आकानांच्याच असांते राज्यात तर दंडकच होता: कोणी कोणाचं मूळ उघड करायचं नाही. मूळ विसरलं जाई असं नव्हे. घरातल्या म्हाताऱ्यांना ते पक्कं ठाऊक असे, वारशाची भांडणं लागली की ते वर काढलंही जाई. चारचौघांत बोलायचं नाही, एवढंच.

यावरून ‘तिकडची गुलामी म्हणजे घरच्यासारखीच’ असं सांगणारेही भेटतात. मला ते पटत नाही. राजा किंवा बडा सरदार मेला की त्याच्या अंत्यविधीत गुलामांचे बळी दिले जात. एकोणिसाव्या शतकात आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोतो खिलाफतीत गुलामांच्या जिवावर चालणारे मोठमोठे मळे होते. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या कुणबिणी भेटतात. त्यांना कोणी ‘घरच्याच’ म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? मुद्दा सौम्यपणाचा नाहीच. इथे गुलाम म्हणजे नातं तुटलेला माणूस, आणि नवं नातं जोडायची वाट, अरुंद का होईना, उघडी होती.

ती वाट दुसरीकडे कायद्याने बुजवली.

८ ऑगस्ट १४४४ ला पोर्तुगालच्या लागोश बंदरात २३५ माणसं उतरवली गेली. ती कोणा राजाकडून विकत घेतलेली नव्हती. पोर्तुगीजांनी स्वतः आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर छापे घालून पकडलेली होती. गावाबाहेरच्या माळावर त्यांचे पाच वाटे पाडले. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घ्यायला हजर होता. वाटे करताना आया मुलांना कवटाळून जमिनीवर पडत होत्या, हे लिहून ठेवलंय ते दरबाराच्याच बखरकाराने. म्हणजे सुरुवात खरेदीने नव्हे, दरोड्याने झाली. पण १४४६ मध्ये अशाच एका मोहिमेत पोर्तुगीज कप्तान नूनो त्रिश्तांव आणि त्याचे बहुतेक साथीदार मारले गेले. छापे महागात पडू लागले, तसा खरेदीचा मार्ग धरला गेला.

पुढच्या दोन शतकांत या खरेदीतून जे घडलं त्याचा गाभा मला १६६२ च्या एका कायद्यात दिसतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या विधिमंडळाने ठरवलं, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या रिवाजात दर्जा बापाकडून यायचा. इथे मुद्दाम उलटा केला. कारण उघड आहे. मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं मूल त्याचा वारस नाही, त्याची मालमत्ता. असांतेच्या घरात पिढ्या उलटत तसा डाग पुसट होई. व्हर्जिनियात तो पिढीगणिक वाढत गेला. आजच्या अमेरिकी संस्थानांच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट आणलेली माणसं ४ लाखांच्या आसपास. १८६० च्या जनगणनेत तिथे गुलाम होते जवळपास ४० लाख.

मालमत्ता हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. १७८१ मध्ये ‘झाँग’ या लिव्हरपूलच्या मालकांच्या जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली. पिण्याचं पाणी संपत आलं होतं, असं कारण सांगितलं गेलं. मालकांनी विम्याचा दावा लावला, माणशी ३० पौंड. लंडनच्या कोर्टात प्रकरण गेलं ते विम्याची रक्कम द्यायची की नाही यासाठी. घोडे फेकले असते तर जो न्याय, तोच इथे, असा तिथला युक्तिवाद. खुनाचा खटला कोणावर चाललाच नाही.

या दोन गुलामगिऱ्यांचा सांधा किनाऱ्यावर होता. युरोपियनांना आत शिरता येत नव्हतं; हिवतापाने माणसं मरत आणि राजे बलाढ्य होते. आजच्या घानाच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला खरा, पण असल्या किल्ल्यांच्या जागेपोटी स्थानिक सत्तांना पैसे मोजावे लागत. पुढे त्याच किनाऱ्यावरच्या केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष कैद्यांच्या तळघराच्या वरच इंग्रजांचं प्रार्थनाघर होतं. या किल्ल्यांपर्यंत माणसं आणून पोचवणारे आफ्रिकनच. आजच्या बेनिनमधल्या दाहोमे राज्याचा राजा अगाजा याने १७२७ मध्ये विदा हे बंदर जिंकून घेतलं आणि त्याच्या वारसांनी या धंद्यात भरपूर कमावलं.

पण ‘आपली माणसं’ विकली हे मात्र साफ चूक. ‘आफ्रिकन’ ही ओळखच तेव्हा तिथे कोणाची नव्हती. दाहोमेला शेजारचे माही लोक आपले वाटत नव्हते. आपल्या घरातलं उदाहरण घ्या: १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालवर चालून गेले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला ते आपले वाटले होते का? बंगाली अंगाईगीतात ‘बर्गी’ आजही आहेत, आणि कौतुकाने नाहीत.

माणूस विकून मिळे काय? बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी, आणि कापड, त्यातलं बरंचसं हिंदुस्थानातलं, गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेलं. आणि कवड्या. मालदीवच्या कवड्या बंगालमार्गे जहाजाच्या तळाशी भार म्हणून युरोपात जात, तिथून पश्चिम आफ्रिकेत, आणि विदाच्या बाजारात त्यांची पोती मोजून माणूस घेतला जाई. ‘कवडीमोल’ हा शब्द मी त्यानंतर सहज वापरू शकलेलो नाही.

काँगोचा राजा अफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं, की तुमचे व्यापारी आमच्या सरदारांची मुलंसुद्धा पळवतायत, देश ओस पडतोय. मला पाद्री आणि शिक्षक पाठवा, हा व्यापार नको. हे पत्र बऱ्याचदा उद्धृत होतं. पुढचं कमी सांगितलं जातं: व्यापार थांबला नाही, तेव्हा त्याने माणूस रीतसर युद्धकैदी आहे की पळवलेला, हे तपासणारी यंत्रणा नेमली. गुलामी त्याला मान्य होती, फक्त आपल्या प्रजेची नव्हे. एवढा प्रचंड बाजार आपण उघडून दिलाय, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

मग जबाबदार कोण? हा प्रश्न भाऊबंदकीतल्या जमिनीसारखा सोडवतात, म्हणजे एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा घटलाच पाहिजे. दाहोमेच्या राजाने पकडण्याचं आणि विकण्याचं पाप केलं. ते पूर्ण त्याचं, लिस्बन किंवा ब्रिस्टलच्या नावावर खपवता येणार नाही. पण सुमारे सव्वा कोटी माणसं ज्यांत कोंबली ती जहाजं, त्यांतली १८ लाख ज्यांच्या हवाली झाली तो समुद्र, ऊसमळे, विमा, पोटातल्या मुलावरही मालकी सांगणारा कायदा आणि कातडीच्या रंगावर उभारलेलं शास्त्र, हे दाहोमेने बांधलेलं नव्हतं.

दोघांचे हिशेबही वेगवेगळे झाले. १९९९ मध्ये बेनिनचे, म्हणजे जुन्या दाहोमेच्या भूमीचे, अध्यक्ष मात्यू केरेकू यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन कृष्णवर्णीयांची माफी मागितली. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने गुलामी रद्द करताना २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मालकांना. सुटलेल्यांना एक पेनी नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून त्याच मळ्यांवर राबवलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज नव्या रोख्यांत मिसळत मिसळत २०१५ मध्ये फिटलं. तोवर ते कर भरून फेडणाऱ्यांत जमैका आणि बार्बाडोसहून ब्रिटनला आलेली, त्याच गुलामांची पतवंडंही होती.