हार्डांगरविडावरील हिवाळी स्की-भ्रमंती

दक्षिण नॉर्वेतील हार्डांगरविडा या उंच पठारावर पाठीवर सामान घेऊन स्कीवरून केला जाणारा अनेक दिवसांचा प्रवास. पठाराचा ३,४२२ चौ. किमी. भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सरासरी उंची १,१०० ते १,२०० मी.; झाडे जवळपास नाहीतच. उत्तर कडेला बर्गन रेल्वेमार्गावरील फिन्से स्थानक (१,२२२ मी.) आणि दक्षिणेला हौकेलिसेटर, ही प्रवासाची नेहमीची टोके. मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा असतो, म्हणून गर्दी तेव्हाच.

कडेच्या दऱ्यांत ३०° हून तीव्र उतार हिमस्खलनाच्या भीतीने टाळावेच लागतात. पण मधल्या सपाटीवर खरा वैरी वारा. उणे १०° से. तापमानात ताशी ५४ किमी. वारा असला, तर उघड्या कातडीला उणे २२° चा गारठा बसतो. उडत्या बर्फात जमीन-आकाश एकच पांढरे होते. हिवाळी वाटा बर्चच्या फांद्या किंवा बांबू रोवून आखतात. पुढची काठी दिसेनाशी झाली, तर एकाने सापडलेल्या शेवटच्या काठीपाशी थांबावे, दुसऱ्याने हाकेच्या टप्प्यात पुढे शोधावे. काठ्या नसतील तिथे होकायंत्र मागच्याकडे असावे: पुढच्याची वाट वाकलेली त्यालाच दिसते.

पोलादी कडांची रुंद स्की इथे लागते. पहाटे सर्वांत जास्त खोळंबा बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) करते: बुटाच्या टाचेखाली नव्हे, तर पुढच्या खाचेत बर्फ गोठतो आणि बूट बसतच नाही. हातातल्या स्की-काठीच्या टोकाने खाच खरवडूनच पाय ठेवावा. फोन आतल्या खिशात ठेवावा. थंडीत बॅटरी झटकन उतरते.

माघार घेण्यात लाज नाही, हा नॉर्वेच्या गिर्यारोहण-नियमांतला आठवा नियम. तो वेळेवर पाळला नाही, तर फावडे कामी येते. वाऱ्याच्या आडोशाला साचलेल्या घट्ट ढिगाऱ्यात गुहा खणावी, झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवावा, छताला स्की-काठीएवढे भोक मोकळे राखावे. फावडे आत घ्यावे, स्की बाहेर उभी रोवावी. ध्रुव-संशोधक रोआल्ड आमुंडसेन १८९६ साली भाऊ लिऑनसह इथे भरकटला, तेव्हा अंगापुरता खड्डा करून झोपला. भोवतीचा ओला बर्फ रात्रीत गोठून तो आतच जखडला. भावाने उकरून काढले म्हणून वाचला.

तळ्यांवरून जाणे सोपे वाटते, पण ओढा मिळतो वा बाहेर पडतो तिथे बर्फ पातळ असतो. धरणाच्या तळ्यांत पाणी खाली गेल्याने काठाशी भेगा पडतात.

रानटी रेनडिअरचा कळप दिसला, तर थांबावे, खाली बसावे, त्याला जाऊ द्यावे. बर्फ उकरून मिळणाऱ्या दगडफुलासारख्या चाऱ्यावर तो हिवाळा काढतो. पळवल्यास जपलेली चरबी वाया जाते. १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रा साखळीने बांधणे कायद्याने बंधनकारक आहे.