पुण्यात नाटकाला जाताय? तिकीट काढण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होतो: "सध्या चांगलं नाटक कुठलं?" त्याचं उत्तर आम्ही देतोच, पण त्याआधी तीन गोष्टी विचारतो. कुठल्या नाट्यगृहात सोयीचं पडेल, किती वाजता, आणि बरोबर कोण आहे? चांगल्या नाटकाची संध्याकाळ वाया गेल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत ह्या तिघांपैकी काहीतरी हुकलेलं असतं. हे पत्रक त्यासाठी आहे. तिकीट आमच्याकडून काढा किंवा स्वतः नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर जाऊन काढा, उपयोग सारखाच.

नाट्यगृह आधी, नाटक नंतर

शनिवार-रविवारी पुण्यात लागणारी बहुतेक व्यावसायिक नाटकं मुंबईहून येतात. त्यांचे प्रयोग प्रामुख्याने जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात, टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात आणि सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात होतात. पिंपरी-चिंचवडकरांसाठी चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह आणि निगडी प्राधिकरणातलं गदिमा नाट्यगृह. तेच नाटक आठवड्याच्या अंतराने चिंचवडला लागणार असेल, तर वाकडहून कोथरूड गाठण्यात शहाणपणा नाही.

बालगंधर्वची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांनी बसवली आणि २६ जून १९६८ रोजी रंगमंदिर खुलं झालं. मंच रुंद, खुर्च्या हजाराच्या घरात. संगीत नाटक, मोठा नटसंच, नाचगाणी असलेली नाटकं इथे शोभतात. दोन-तीन पात्रांचं, चेहऱ्यावर चालणारं नाटक मात्र मागच्या रांगांतून दूर वाटतं. ते पाहायचं तर पुढच्या अर्ध्यातच बसा. भरत लहान आहे आणि तिथे नट जवळ वाटतो. भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था स्वतः संगीत नाटकांचे प्रयोगही करते. जुनी पदं गायलेली ऐकायची असतील तर त्यांच्या फलकावर लक्ष ठेवा.

प्रायोगिक नाटकांचं गणित वेगळं. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह, तिथलाच श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं 'द बॉक्स' ही त्यांची घरं. जागा कमी, नट हाताच्या अंतरावर, आणि बऱ्याचदा खुर्चीला नंबर नसतो. जो आधी येईल तो आधी बसेल. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. पंधरा-वीस मिनिटं आधी रांगेत उभं राहायचं. उशीर झाला तर आत सोडतीलच असं धरून चालायचं नाही, कारण दार बऱ्याचदा मंचाच्याच बाजूला उघडतं. आणि "पुढच्या रविवारी बघू" म्हणायचं नाही. व्यावसायिक नाटकाचा प्रयोग पुढच्या आठवड्यात असतो. प्रायोगिकाचा दोन महिन्यांनी असेल, किंवा नसेलही.

नावांचा घोळ

मोबाईलवर तिकीट काढताना सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. 'आचार्य अत्रे' नावाचं नाट्यगृह पिंपरीत आहे तसं कल्याणलाही आहे. 'यशवंतराव चव्हाण' कोथरूडला आहे आणि मुंबईत नरिमन पॉइंटलाही त्या नावाचं केंद्र आहे. शहराचं नाव न बघता घाईत पैसे भरले की तिकीट हातात आणि प्रयोग दीडशे किलोमीटरवर. पैसे भरण्याआधी नाट्यगृहाच्या नावाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा.

दुसरा घोळ वेळेचा. पुण्यात दिवसाचे प्रयोग साधारण तीन वेळांना होतात: दुपारी १२.३०, संध्याकाळी ५ ते ५.३०, रात्री ९.३०. '१२.३०' म्हणजे भर दुपारी. जेवून यायचं की येऊन जेवायचं हे घरी आधी ठरवा, नाहीतर दुसऱ्या अंकात पोटातली घंटा आधी वाजते.

जाहिरात कशी वाचायची

पुढे काय लागणार आहे ते कळायची सर्वांत भरवशाची जागा अजूनही शनिवार-रविवारच्या मराठी दैनिकांतलं नाटकांचं पान. चौकट लहान असते, पण बरंच सांगते.

'शुभारंभ' किंवा पहिले पाच-सहा प्रयोग: उत्साह भरपूर, पण नाटक अजून बसायचं असतं. प्रकाशाचे बदल मागेपुढे होतात, लांबी नंतर पाच-दहा मिनिटांनी कापली जाते. पहिलाच पाहिल्याचा आनंद हवा असेल तर जरूर जा. घट्ट बांधलेला प्रयोग हवा असेल तर पंचविसाव्याच्या आसपास जा. 'नव्या संचात' म्हणजे मूळ कलाकारांपैकी काही किंवा सगळे बदललेत. फोटोतले चेहरे नीट पाहा. 'शेवटचे काही प्रयोग' ह्यावर फार घाबरू नका, ते शेवटचे वर्षभर चालू शकतात. 'मर्यादित प्रयोग' मात्र खरं धरा. मालिकेत काम करणाऱ्या नटाच्या तारखा मिळेनात, की निर्माता असे मोजकेच प्रयोग लावतो. 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलं असेल तर मुलांना आणू नका. दारात वाद घालून उपयोग होत नाही.

बारीवरची विक्री सहसा प्रयोगाच्या काही दिवस आधी सुरू होते. त्याला 'प्लॅन उघडला' म्हणतात; प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. बारी सकाळी आणि संध्याकाळी चालू असते, दुपारी बंद. नेमक्या वेळा त्याच चौकटीत खाली असतात. ऑनलाइन विक्री बुकमायशो, तिकिटालय अशा अ‍ॅपवर होते. तिथे सेवाशुल्क वेगळं लागतं आणि त्या शुल्कावर कर. खुद्द नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यावर गेलं की लागतो. पुढच्या रांगांचे दर नेमके पाचशेवर येऊन का थांबतात, ते आता कळेल.

खुर्ची

प्लॅन समोर आला की आधी 'रंगमंच' हा शब्द कुठे लिहिलाय ते शोधा. काही प्लॅनमध्ये तो वर असतो, काहींत खाली. तो न बघता "वरच्या दोन रांगा द्या" म्हणणाऱ्याला कधीकधी पार शेवटच्या रांगा मिळतात.

पहिल्या दोन रांगा महाग असल्या तरी सर्वोत्तम नाहीत. मान वर करून बसावं लागतं आणि मंचाच्या मागच्या भागातली हालचाल नीट दिसत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग: पैसे वसूल. अगदी कडेच्या खुर्च्यांवरून समोरची विंग (मंचाची आत-बाहेर जायची बाजू) दिसते पण आपल्या बाजूचा कोपरा झाकला जातो. ज्या नाटकाच्या नेपथ्यात जिना, माळा किंवा बाजूची खोली आहे, तिथे हा कोपराच महत्त्वाचा असतो. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत आवाज दबतो. कानाचं यंत्र वापरणाऱ्यांसाठी त्या घेऊ नका. बाल्कनीतून नृत्यरचना छान दिसते, पण जिने चढावे लागतात, आणि मध्यंतरात उतरून पुन्हा चढावे लागतात. गुडघ्यांचा विचार करून सांगा. ज्येष्ठांसाठी वाटेलगतची खुर्ची मागा. आम्ही तशी नोंद ठेवतो.

तिसरी घंटा उशिरा का होते

तिसरी घंटा झाली की प्रयोग सुरू होतो. मुंबईचा संच बसने आणि नेपथ्य टेम्पोने येतं. घाटात वाहतूक अडकली की दोन्ही अडकतात. त्यात दुपारी साडेबाराचा प्रयोग सुटतो तीनच्या पुढे. एका नाटकाचं घर मोडून दुसऱ्याचं उभं करायचं, दिवे फिरवायचे, माइक तपासायचे, हे सगळं दोन-अडीच तासांत. पहिला प्रयोग वीस मिनिटं उशिरा सुरू झाला असेल तर संध्याकाळचाही उशिराच होणार, आणि रात्रीचा त्याहून. वेळेला पक्के असाल तर दिवसाचा पहिला प्रयोग घ्या.

तुम्ही मात्र अर्धा तास आधी पोचा. बालगंधर्वला छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. भरतला चारचाकी नेऊ नका. पेठेतल्या त्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधेपर्यंत पहिला प्रवेश संपतो. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटतो तेव्हा बाराचा सुमार असतो आणि मेट्रो मिळत नाही, परतीचं वाहन आधी ठरवा. वातानुकूलन चालू असलं तर कडक असतं, एक शाल पिशवीत असू द्या. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. त्यात बटाटावडा, चहा आणि स्वच्छतागृहाची रांग तिन्ही बसत नाहीत. बायकांच्या रांगेचा हिशेब आधी धरा, वडा नंतर.

वर्षाचं कॅलेंडर

एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्यं. सकाळचेही प्रयोग लागतात. ऑगस्टमध्ये भरतला पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पुढच्या पाच-दहा वर्षांत व्यावसायिक मंचावर कोण दिसणार, ह्याचा अंदाज इथे येतो. प्रेक्षागृहातल्या कॉलेजच्या पोरांच्या आरोळ्या आणि गोंगाट सहन होत असेल तरच जा. पडदा उघडला की तीच पोरं चिडीचूप बसतात, हेही खरं. अंतिम फेरीची तिकिटं आमच्याकडे मिळत नाहीत, रांग लावावी लागते.

गणपतीचे दहा दिवस पेठांतल्या नाट्यगृहांना पोचणं अवघड; त्या काळात कोथरूड किंवा चिंचवड बरं. पितृपक्षात नवं नाटक सहसा उघडत नाहीत. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्याच सुमारास राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते. रोज एक हौशी नाटक, तिकीट नाममात्र. दर्जा खालीवर, पण एखाद्या दिवशी असं काही हाती लागतं की चार कंटाळवाण्या संध्याकाळी माफ. फेब्रुवारीत फिरोदिया करंडक, जिथे नाटकाबरोबर नाच, गाणं, चित्रकला, मूकाभिनय सगळं एकाच सादरीकरणात येतं.

सोसायटी, मंडळ, ऑफिससाठी

पूर्ण प्रयोग विकत घेण्याची (कॉन्ट्रॅक्ट शो) घाई करू नका. निर्मात्याची रक्कम, नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत, संचाचा चहा-जेवण, सगळं तुमच्या अंगावर येतं. आणि तीनशे घरांच्या सोसायटीतून नऊशे खुर्च्या भरत नाहीत. साठ-सत्तर माणसं असतील तर चालू प्रयोगातल्या सलग दोन-तीन रांगा घेणं स्वस्त आणि निवांत. त्यासाठी प्लॅन उघडण्याआधी किमान आठ दिवस आम्हाला कळवा. पूर्ण प्रयोगच हवा असेल तर तीन महिने आधी, कारण नाट्यगृहाच्या तारखांचं वाटप काही महिन्यांचं एकदम होतं आणि शनिवार-रविवार आधी जातात. मधल्या वारी चालणार असेल तर गोष्ट सोपी.

यादी देताना माणसांची नुसती संख्या देऊ नका, कुटुंबवार द्या: "चार जण, त्यात एक ज्येष्ठ, एक सहा वर्षांचं मूल." नुसत्या आकड्यावर खुर्च्या वाटल्या की नवरा एका रांगेत, बायको दुसऱ्या, आणि पहिला अंक जागा बदलण्यात जातो.

प्रयोग रद्द झाला तर

नट आजारी पडतो, गाडी पोचत नाही, क्वचित नाट्यगृहाची तारीखच ऐनवेळी दुसऱ्या कार्यक्रमाला जाते. आम्हाला कळताच एसएमएस येईल, म्हणून नोंदणीला चालू नंबरच द्या. बारीवरच्या कागदी तिकिटाचे पैसे तिकीट दाखवल्यावरच परत मिळतात. ते फाडू नका, फोटोवर काम होत नाही. आमच्याकडून घेतलेल्या तिकिटाची पूर्ण रक्कम परत मिळते, आमचं सेवाशुल्कही. प्रयोग पुढे ढकलला आणि नवी तारीख जमत नसेल, तरीही तेच. तुमचा बेत बदलला तर मात्र प्रयोगाच्या ४८ तास आधी कळवा. ती तिकिटं दुसऱ्या ग्राहकाला गेली तर पैसे परत, न गेल्यास नाही. एका कलाकाराच्या जागी दुसरा उभा राहिला, ह्या कारणाने आम्ही पैसे देऊ शकत नाही. तो निर्णय निर्मात्याचा. मात्र बदल आम्हाला आदल्या दिवशी कळला, तर तुम्हालाही त्याच संध्याकाळी कळवू.