गिअरबॉक्सची फेरबांधणी आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गिअर टाकताना करकर आवाज येतो, दुसरा गिअर नीट पडत नाही किंवा चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येतो, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : काम किती निघेल? गिअरबॉक्स खोलल्याशिवाय याचे पक्के उत्तर कोणालाही देता येत नाही. मात्र आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे आपण नीट सांगितले, तर दोष कुठे असावा याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो.

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि पाय क्लचवरून काढलेला आहे, अशा स्थितीत घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) किंवा ले-शाफ्टच्या (त्याला जोडून फिरणारा गिअरबॉक्सचा आतला दांडा) बेअरिंगवर जातो. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर दोष बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो. तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरचे दाते पाहावे लागतात. गिअर टाकताना होणारी करकर मात्र दर वेळी गिअरबॉक्सचीच नसते. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी, विशेषतः रिव्हर्स टाकताना, अगदी तसाच आवाज होतो. म्हणून आम्ही आधी क्लच आणि त्याची केबल किंवा हायड्रॉलिक यंत्रणा तपासतो, मग ऑइल काढून पाहतो, आणि त्यानंतरच गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला देतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर जमलेली राखाडी, मऊ, पेस्टसारखी भुकटी ही नेहमीची झीज असते. त्यात बोटाला टोचणारे पोलादी कण सापडले, तर गाडी आणखी चालवू नये.

दुसरा गिअरच आधी का बिघडतो

गिअर बदलताना दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करण्याचे काम सिंक्रो रिंग करते. ही बहुधा पितळेची असून तिच्या आतल्या उतरत्या बाजूवर केसासारख्या बारीक खाचा असतात. या खाचा ऑइलचा थर कापतात, त्यामुळे रिंग गिअरच्या शंकूला घट्ट धरते आणि दोघांचा वेग जुळतो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या गुणोत्तरांमध्ये अंतर मोठे असते, शिवाय शहरात दुसऱ्याचा वापरही फार होतो. म्हणून दुसऱ्याची रिंग सहसा आधी झिजते.

रिंगची स्थिती पाहण्याची पद्धत सोपी आहे आणि आपली इच्छा असेल, तर आम्ही ती आपल्यासमोर करून दाखवतो. रिंग गिअरच्या शंकूवर बोटांनी दाबून फिरवायची; चांगली रिंग जागीच धरते, झिजलेली घसरते. मग दोघांमधल्या फटीत फिलर गेजची पाती घालून अंतर मोजायचे. अनेक गिअरबॉक्समध्ये नव्या रिंगला ही फट सुमारे १ मिलिमीटर असते आणि रिंग झिजेल तशी ती कमी होत जाते. बदलण्याची नेमकी मर्यादा गाडीच्या निर्मात्याची पुस्तिका सांगते आणि आम्ही तीच पाळतो.

फक्त रिंग बदलून द्या, अशी विनंती अनेकदा होते. ती आम्ही सरसकट मान्य करत नाही, कारण गिअरचा शंकू घासलेला असेल किंवा स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) ज्यांच्यात अडकते त्या बारीक दात्यांची टोके बोथट झाली असतील, तर नवी रिंगही लवकरच निकामी होते आणि उतरवण्याची सारी मजुरी पुन्हा भरावी लागते. तसेच एकदा पूर्ण उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये जुनी बेअरिंग, ऑइल सील आणि सर्क्लिप (भाग जागी धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) परत घालणे आम्हाला योग्य वाटत नाही. याउलट मुख्य गिअर मात्र विनाकारण बदलू नयेत. दात्यांवर नुसती चमक आलेली असेल तर ते चालतात. खड्डे पडले असतील किंवा कडा तुटल्या असतील तरच बदलावे लागतात, आणि मग जोडीनेच. गिअर सुटण्याच्या तक्रारीत सिलेक्टर फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा), शाफ्टचा लांबीतला प्ले (सैलपणा) आणि इंजिन माउंटिंग हेही तपासले जाते.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल कोणी बसवावे

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी, त्याचीच मर्यादा दुसऱ्यालाही लागू होते. समजा, चिखलातले चाक १०० न्यूटन-मीटरच पेलू शकते, तर कोरड्या बाजूच्या चाकालाही १००च मिळतात आणि गाडीच्या वाट्याला एकूण २०० येतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल एका चाकाचे घसरणे मर्यादित ठेवून दुसऱ्याला जास्त टॉर्क देते. त्याच्या हेलिकल (तिरक्या दात्यांच्या) गिअरच्या प्रकाराचे टॉर्क गुणोत्तर, म्हणजे पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या किती पट टॉर्क मिळू शकतो ते, २.५ असेल, तर कोरड्या चाकाला २५० पर्यंत मिळू शकतात. पण चाक पूर्ण हवेत उचलले गेले, तर शून्याची अडीच पटही शून्यच होते. तेथे डिफरन्शियलच्या आत स्वतःच्या क्लच प्लेट असलेला प्रकार सरस ठरतो, कारण त्याच्या प्लेट स्प्रिंगने आधीच दाबलेल्या असतात. मात्र त्या झिजतात, वेळोवेळी बदलाव्या लागतात आणि त्यांना घर्षण नियंत्रित करणारे खास ऑइल लागते. ते नसेल तर हळू वळताना डिफरन्शियल थरथरते.

ज्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात असतात, म्हणजे पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये, ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे शहाणपणाचे आहे, कारण खोलण्याची मजुरी एकदाच लागते. अशा गाडीला रोजच्या वापरासाठी आम्ही हेलिकल प्रकारच सुचवतो. कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल एकच असल्याने दुसऱ्या प्रकारातील क्लच प्लेटचा चुरा थेट नव्या बेअरिंगमध्ये आणि सिंक्रो रिंगमध्ये जातो. आपली गाडी फक्त डांबरी रस्त्यावर शांतपणे चालत असेल, तर हा खर्च करू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

नव्या डिफरन्शियलची बैठक जुन्यासारखीच असेल, असे कधीही गृहीत धरता येत नाही. म्हणून बेअरिंगचा दाब शिम (पातळ चकत्या) बदलून पुन्हा ठरवावा लागतो. मागच्या ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियन (डिफरन्शियलला फिरवणारी मोठ्या व लहान गिअरची जोडी) असेल, तर दात्यांमधला प्ले डायल गेजने मोजतात आणि दात्यांवर रंग लावून, फिरवून, त्यांचा ठसा मध्यभागी पडतो की नाही हे पाहतात. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असल्याने त्यातला एकच बदलता येत नाही. ठसा चुकला तर नवे कोरे भागही भुंगा गुणगुणावा तसे वाजू लागतात. या मोजमापाला वेळ लागतो आणि त्यात घाई करण्याची विनंती कृपया करू नये.

गाडी परत घेतल्यानंतर

ऑइल आम्ही सांगितलेलेच वापरावे. जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या श्रेणी आहेत. जीएल-५ श्रेणीच्या ऑइलमधील जादा गंधकयुक्त रसायने अनेक गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना मानवत नाहीत, म्हणून निर्मात्याने जीएल-४ सांगितले असेल तर जीएल-५ भरू नये. सुरुवातीच्या काळात गाडी जोरात पळवू नये, जड भार ओढू नये आणि आम्ही लिहून दिलेल्या अंतरावर पहिले ऑइल बदलून घ्यावे. ज्या ॲक्सलवर हे डिफरन्शियल बसवले आहे, त्याच्या दोन्ही चाकांना एकाच मापाचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले टायर असावेत, अन्यथा डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहते.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवलेल्या गाडीचे एकच चाक जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून, गिअर कधीही टाकू नये, कारण जमिनीवरचे चाक गाडी पुढे ढकलू शकते. गाडी दुसरीकडे दुरुस्तीला देताना ही गोष्ट तेथील मेकॅनिकला अवश्य सांगावी. त्यासाठी इशाऱ्याचे स्टिकर आम्ही बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून देतो.