ठावठिकाण्याचा एक तास

भारतीय क्रिकेटपटूची उत्तेजक चाचणी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी यंत्रणा (नाडा) घेऊ लागली ती ऑगस्ट २०१९ नंतर. तोवर मल्ल आणि धावपटूंना एक दार, क्रिकेटला दुसरं.

जगभर सगळ्या खेळांची रीत एकच आहे असं नाही. अमेरिकेतलं व्यावसायिक बेसबॉल जागतिक उत्तेजकविरोधी संहितेच्या बाहेर आहे. तिथल्या शिक्षा संघमालक आणि खेळाडूंची संघटना करारात ठरवतात. क्रिकेटने मात्र २००६ मध्येच संहिता मान्य केली होती.

घोडं अडलं २००९ मध्ये, 'व्हेअरअबाउट्स' म्हणजे ठावठिकाणा कळवण्याच्या कलमापाशी. याला सरसकट 'खेळाडूवर चोवीस तास पाळत' म्हटलं गेलं. ते खरं नाही. चाचणीसाठी नेमलेल्या यादीतल्या खेळाडूने तीन महिन्यांचं वेळापत्रक आधी कळवायचं आणि रोजचा फक्त एक तास नेमून द्यायचा: या वेळी मी इथे सापडेन. एकदा चुकल्याने बंदी येत नाही. ठरावीक मुदतीत तीनदा चुकलं तर येते. ही मुदत तेव्हा १८ महिन्यांची होती, २०१५ पासून १२ महिन्यांची झाली. आपल्या ११ क्रिकेटपटूंनी सुरक्षा आणि खासगीपणाचं कारण देऊन नकार दिला, भारतीय क्रिकेट मंडळ पाठीशी उभं राहिलं. सुरक्षेची भीती खोटी नव्हती. पण तोच तास गावाकडच्या तालमीतला मल्ल मुकाट्याने लिहून देत होता. फुटबॉलच्या संघटनांनीही २००९ मध्येच या कलमाला विरोध केला होता, हेही सांगायला हवं.

मग मंडळ स्वतःच चाचण्या घेत राहिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुंबईच्या एका तरुण सलामीवीराच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, खोकल्याच्या औषधातलं. आठ महिन्यांची बंदी जुलैअखेर जाहीर झाली, पण मोजली १६ मार्चपासून. मधल्या काळात तो आयपीएल खेळला होता. परीक्षक आणि पालक एकच असले की हे असंच होतं.

त्याच सुमारास क्रीडा खात्याने दक्षिण आफ्रिकेच्या अ संघाच्या आणि महिला संघाच्या दौऱ्यांची परवानगी अडवून धरली. ९ ऑगस्टला मंडळाने राष्ट्रीय यंत्रणेच्या चाचण्यांना होकार दिला. पंधरवड्यातच नमुने तपासणाऱ्या दिल्लीच्या प्रयोगशाळेची जागतिक मान्यता निलंबित झाली.

जून २०२० मध्ये पाच क्रिकेटपटूंना ठावठिकाणा न कळवल्याची नोटीस गेली. संकेतस्थळाच्या पासवर्डची अडचण होती, असा खुलासा मंडळाने केला.